काळजीची रेघ

काळजीच्या नावाखाली माणूस काय काय करून जातो, याला धरबंध नाही. काळजी म्हणून पोरीचा मोबाइल तपासतात, काळजी म्हणून सुनेच्या माहेरचे फोन कान देऊन ऐकतात, आणि कनक बिराजदारनं काळजी म्हणूनच रुजुता ढोणेचं एक अख्खं वर्ष मातीत घातलं होतं. रुजुता ते विसरली नव्हती. विसरणाऱ्यातली ती नव्हतीच.

झालं होतं असं. दोघी लातूरला मेडिकलच्या तयारीला होत्या. एकाच खोलीत कॉट टाकून राहायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. बारावीच्या दिवाळीनंतर रुजुताची छाती दडपायला लागली. पेपर समोर आला की हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. कनकच तिला हाताला धरून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या, रुजुता सावरली, चाचण्यांमध्ये भराभर वर चढली. क्लासच्या निवडक बॅचमध्ये शेवटची एक जागा उरली, तेव्हा ती रुजुताला मिळाली आणि कनक बाहेर राहिली. त्याच संध्याकाळी कनकनं रुजुताच्या वडिलांना हिंगोलीला फोन लावला.

"काका, मला तिची काळजी वाटते म्हणून सांगते. ती वेड्याच्या डॉक्टरच्या गोळ्या खाते."

वडील दुसऱ्या दिवशी हजर. ऐन जेवणाच्या वेळी, सगळ्या पोरींच्या देखत त्यांनी रुजुताची कॉट आवरली आणि गोळ्यांची पाकिटं एकेक करून गटारात फेकली. गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, पण ते सांगणार कोण? पुढचे महिने रुजुतानं हिंगोलीच्या घरात भिंतीकडे तोंड करून काढले. परीक्षा गेली. गल्लीतल्या बायका तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलायला लागल्या. रिकामी झालेली जागा कनकला मिळाली, पण त्या वर्षी तिचाही नंबर लागला नाही. दोघींनी वर्ष पुन्हा दिलं, आणि दोघी लागल्या त्या एकाच कॉलेजात. देवाला थट्टा सुचते तीसुद्धा अशी.

कॉलेज नवं होतं, डोंगरापलीकडच्या एका जिल्ह्याच्या गावी. प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकाच्या दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी एक पट्टी चिकटवायचे. पट्टी साधी दिसायची, पण काम भारी होतं. तिच्या पोटात एक पातळ थर, आणि त्या थरात कॉर्टिसोलच्या रेणूच्या मापाचे असंख्य खळगे. माणसाला ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. ते रक्तातून घामात उतरतं. घामातला रेणू साच्यात मोदक बसावा तसा खळग्यात बसला की थरातून वाहणारी वीज अडखळते. जितके खळगे भरले तितका ताण जास्त. शिवाय पट्टी नाडी आणि कातडीचा ओलावाही टिपायची. मोबाइलवर दोन रेघा उमटायच्या. बारीक रेघ क्षणाची, दचकलं की उडणारी. जाड रेघ मुरलेल्या ताणाची. ती हिरवी असली तर ठीक, पिवळी झाली तर जपायचं, आणि आठवडाभर तांबडी राहिली की 'विराम'. विराम म्हणजे घरी जायचं, बरं व्हायचं आणि पुढच्या बॅचबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. कागदावर मोठी माया होती त्यात.

आणि एक सोय होती, जोडीदाराची. सुरुवातीला रेघ फक्त ऑफिसात दिसायची, आणि ऑफिसला जाग येईपर्यंत पोर अंथरुणाला खिळलेलं असायचं. म्हणून मग ठरलं की पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जोड्या लावायच्या. दोघांना एकमेकांची रेघ दिसेल, एक खचला तर दुसरा धरेल. जोडी शक्यतो ओळखीतली लावायची. ओळखीचं माणूस वाईट चिंतणार नाही, असं ज्यानं ठरवलं तो बहुतेक एकुलता एक असावा.

"ओळखीचं कोणी आहे का?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

कनक काही बोलायच्या आत तिची आई पुढे झाली. "आहे की. ही रुजुता, आमच्याकडचीच पोरगी. लातूरला दोघी संगंच होत्या." उदगीर कुठं आणि हिंगोली कुठं, पण परमुलखात गेलं की सगळा मराठवाडा आमच्याकडचाच होतो. माउलीला लेकीनं काही सांगितलेलं नव्हतं. तिनं रुजुताचा हात धरून कनकच्या हातात दिला. "एकमेकींना धरून राहा गं बायांनो. तुमच्या भरवशावर चाललेय मी."

कनकचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चालेल की काकू," रुजुता गोड हसून म्हणाली. "मी आहे ना."

पहिला आठवडा सगळ्यांचाच वाईट गेला. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मेलिननं डोळे झोंबायचे, तो वास हातांना इतका धरून राहायचा की मेसमधली पोळी तोडताना नको व्हायचं. कॉटखाली सीनिअरकडून आणलेली हाडांची पेटी, डोक्याशी विटेएवढी पुस्तकं. गावात पहिल्या आलेल्या पोरी इथं वर्गात मागून मोजाव्या लागायच्या. कोणाला मुरमं उठली, कोणाचं वजन उतरलं, कोणाला रोज सकाळी उलटी. पट्ट्या सगळ्यांच्याच पिवळ्या होत्या, आणि हळूहळू अंगवळणी पडलं तशा हिरव्या व्हायला लागल्या. कनकचीसुद्धा.

ती हिरवी झालेली रेघ रुजुतानं हॉलच्या पायरीवर बसून बघितली. म्हणजे ही सुखानं डॉक्टर होणार?

तेवढ्यात कनक हात धुऊन बाहेर आली. रुजुता सहज म्हणावं तसं म्हणाली, "काल तुला चक्कर आली ना गं आत? तुझ्या आईला फोन करून सांगू का?"

मोबाइलवरची बारीक रेघ ताडकन उभी राहिली. कनक वरून नुसतं "नको गं, कशाला" म्हणाली, पण रेघेला खोटं बोलता येत नव्हतं. रुजुताच्या छातीतलं इतक्या दिवसांचं दडपण एकदम सैल झालं. त्या दिवशी तिला मेसची पाणीदार आमटीही गोड लागली आणि गाढ झोप आली.

पण बारीक रेघेनं काही साधत नाही, हे तिच्या लवकरच ध्यानात आलं. कनक दचकायची आणि तासाभरात सावरायची. यावर तोडगा सापडला तो शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात. शिकवणारे खळदकर सर मिस्कील होते.

"वाघ दिसला की कॉर्टिसोल चढतं," ते म्हणाले. "चढायलाच पाहिजे, नाहीतर पळणार कसे? वाघ गेला की उतरतं. निरोगी माणसाचं सकाळी जास्त असतं, संध्याकाळी कमी. पण वाघ येणार, येणार म्हणून जो दाराला कडी लावून बसलाय, त्याचं संध्याकाळीही उतरत नाही. मग झोप जाते, पोट बिघडतं, केस गळतात, पाळी चुकते, पाठ केलेलं आठवत नाही. पोरांनो, वाघानं खाल्लेली माणसं थोडी. वाट बघून मेलेली जास्त."

वर्ग हसला. रुजुता हसली नाही. तिला पाहिजे ते मिळालं होतं.

त्या दिवसापासून तिनं कनकला एकदाही घाबरवलं नाही. ती तिची काळजी करायला लागली.

"केस किती गळायलेत गं तुझे. फणी बघ."

"डोळ्यांखाली काय झालंय हे? झोपली नाहीस का?"

"जेव की नीट. अशानं टिकशील का तू इथं?"

आणि सगळ्यात जालीम म्हणजे अर्धवट सोडलेलं वाक्य. "मॅडम तुझ्याबद्दल काहीतरी विचारत होत्या... जाऊ दे, काही नाही." मराठीत याच्या तोडीचं हत्यार नाही. 'जाऊ दे, काही नाही' ऐकलेला माणूस जेवत नाही, झोपत नाही, त्याला सगळं काही तिथंच दिसायला लागतं. रुजुता हे वाक्य सकाळच्या चहाबरोबर द्यायची आणि दिवसभर जाड रेघ चढताना बघायची. पोरी म्हणायच्या, जोडीदार असावी तर अशी. समोरच्या खोलीतली कस्तुरी जोगदंड तर एकदा दारात उभी राहून म्हणाली, "किती करतेस गं तिचं." कस्तुरीची नजर जरा जास्त वेळ रेंगाळली, पण रुजुतानं तिकडे लक्ष दिलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या एका रेघेवर होतं. स्वतःची रेघ तिनं कधी उघडूनही बघितली नाही.

दिवाळीपर्यंत कनक ओळखू येईनाशी झाली. पाळी चुकली ती चुकलीच. पित्तानं तोंड कडू, हातात पुस्तक आणि डोळे भिंतीवर. तोंडी परीक्षेला हातात दंडाचं हाड दिलं तर ते डावं की उजवं हे तिला सांगता येईना. आईनं उदगीरहून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली, ती रुजुतानंच संपवली, कारण कनकला वास सोसत नव्हता. मग आईचा फोनही रुजुतालाच आला.

"बाई, ती धड बोलत नाही आजकाल. तुला दिसतंय ना सगळं त्या मोबाइलात?"

"दिसतंय काकू."

"तू हायस म्हणून मी निवांत हाय बघ."

फोन ठेवल्यावर रुजुतानं कनकची रेघ क्षणभर बंद केली. मग तिला गटाराच्या काळ्या पाण्यावर तरंगणारी चंदेरी पाकिटं आठवली आणि तिनं रेघ पुन्हा उघडली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आणि अजून पुरतं कळलं नव्हतं कनकला, असं तिचं मत होतं.

सत्र परीक्षेच्या तोंडावर रेघेनं तांबडा आठवडा पुरा केला. विद्यार्थी कल्याणच्या डॉ. निलाखे मॅडमनी दोघींना दुपारी बोलावलं. विरामाचा निर्णय त्यांचा, पण आधी जोडीदाराचं मत घ्यायचा नियम होता. यंत्रापेक्षा माणसाला जास्त कळतं, असा या लोकांचा भाबडा समज. मॅडम आत कोणाशी तरी बोलत होत्या, म्हणून दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

कनक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ती म्हणाली, "रुजू, मला पहिल्यापासून माहीत होतं."

"काय?"

"माझी रेघ चढली की तुझी उतरायची. आधी वाटलं, असंल योगायोग. मग मी बघतच राहिले. तू 'जाऊ दे, काही नाही' म्हणायचीस, आणि तुझी रेघ हिरवी व्हायची. तुला झोप लागायची." ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "जोडी बदलून मागायला दोनदा या दारापर्यंत आले आणि परत फिरले. तुझ्या गोळ्या मी बंद पाडल्या होत्या ना. म्हटलं, माझ्यामुळं तुला बरं वाटायलंय तर वाटू दे."

रुजुता बाकावर जरा बाजूला सरकली.

"आणि ती काळजी नव्हती," कनक म्हणाली. "काकांना फोन केला ना, ती. मला बॅच पाहिजे होती. बस, एवढंच."

हे वाक्य रुजुतानं हिंगोलीतल्या त्या भिंतीकडे तोंड करून हजार वेळा ऐकलं होतं. त्यात कनक रडायची, पाया पडायची, आणि रुजुता पाय मागे घ्यायची. आज ते खरंच कानावर पडलं, तर अगदी सपक, मेसमध्ये आज काय आहे हे सांगावं तसं. तिनं इतके महिने सुरी परजली होती, आणि ही बया पहिल्या दिवसापासून मान पुढे करून बसली होती. मग कापणाऱ्याचं उरलं काय? रुजुतानं सूड घेतलाच नव्हता. आजाऱ्याला पेज पाजावी तसा तो तिला पाजला गेला होता. हिंगोलीच्या बायका हळू बोलायच्या तेव्हा यायचा, तोच संताप तिच्या अंगातून उठला.

"मग आत्ता का सांगायलीस?"

"आता माझ्यानं होईना." कनकनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मला विराम नको देऊ देऊस. एकदा घरी गेले की वडील परत पाठवायचे नाहीत. स्थळ बघून ठेवलंय त्यांनी. आई एकटी माझ्या बाजूनं आहे आणि तिचं घरात चालत नाही. तू मॅडमना खरं काय ते सांग. आमच्यात जुनं होतं म्हणावं, जोडी बदला म्हणावं. मी तुझ्यावर नाव येऊ देणार नाही. माझी रेघ आठ दिवसांत उतरंल, तुला पण माहिताय."

रुजुताला माहीत होतं. तिच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. तिनं 'हो' म्हटलं असतं तर कनक डॉक्टर झाली असती, आणि त्या डॉक्टरनं जन्मभर मनात म्हटलं असतं, मी रुजुताला माफ केलं. कनकनं तिला माफ करायचं! ही कल्पनाच तिला सोसवेना.

दार उघडलं. मॅडमनी दोघींना समोर बसवलं. कनकची रेघ भिंतीवरच्या पडद्यावर होती, तांबडीलाल.

"रुजुता, यंत्र काय म्हणतंय ते मला दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "पण तू हिच्याबरोबर राहतेस. हिनं थांबावं की इथंच राहून सावरेल? तुझ्या शब्दावर मी थोडी मुदत देऊ शकते."

कनकनं डोळे मिटून घेतले होते.

"मॅडम, तिला घरी पाठवा," रुजुता म्हणाली. "मला तिची काळजी वाटते म्हणून सांगते."

पडद्यावरची बारीक रेघ वर उडाली नाही. नुसती थरथरली आणि जागेवर राहिली. त्या वाक्याची वाट कनक बहुतेक लातूरपासून बघत असावी.

दुसऱ्या दिवशी आई न्यायला आली. तिनं कनकची पिशवी उचलली, आणि निघताना रुजुताच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तू होतीस म्हणून वेळेवर कळलं गं माय," ती म्हणाली. कनक मागे न बघता गाडीत बसली. संध्याकाळी रुजुताच्या मोबाइलमधून तिची रेघ निघून गेली आणि तिथं कोरी पट्टी राहिली.

दोन दिवस रुजुता मजेत होती. जेवली, झोपली, पोरींबरोबर बाजारात जाऊन आली. तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा समोर आला, आणि तो कोणाला पाजायचा हेच तिला कळेना. हात सवयीनं मोबाइलकडे जायचा आणि कोऱ्या जागेवर थांबायचा. झोप उडाली. मग एके दिवशी पेपर समोर आला आणि बोटं गार पडली. छातीवर तोच जुना दगड येऊन बसला. सत्र सुरू झाल्यापासून पहिल्यांदा तिनं स्वतःची रेघ उघडली. जाड रेघ पिवळी होती आणि वर चालली होती. गोळ्या पुन्हा सुरू करायच्या तर डॉक्टरकडे जावं लागणार, डॉक्टरकडे गेलं की ऑफिसला कळणार, ऑफिसकडून हिंगोलीला. तिनं मोबाइल पालथा घातला. असं पालथं घातल्यानं रेघ उतरली असती तर काय पाहिजे होतं.

बिनजोडीदाराचं राहायची परवानगी नव्हती. समोरच्या खोलीतल्या कस्तुरीची जोडीदारीणही नुकतीच विराम घेऊन घरी गेली होती. ऑफिसनं दोघींना जोडून टाकलं. कस्तुरी जिंतूरची, म्हणजे हिंगोलीला लागूनच. "आपण तर शेजारी निघालो की," म्हणत ती हातात चहाचे दोन कप घेऊन आली आणि कनकच्या रिकाम्या कॉटवर बसली. एक कप रुजुतापुढे सरकवून तिनं मोबाइल काढला, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं, मग रुजुताच्या तोंडाकडे.

"चेहरा किती उतरलाय गं तुझा," ती म्हणाली. "निलाखे मॅडम मगाशी विचारत होत्या तुझ्याबद्दल... जाऊ दे, काही नाही."

रुजुतानं कप खाली ठेवला. तिनं आपला मोबाइल उघडला आणि नव्या जोडीदारणीची रेघ शोधून काढली.

रेघ हिरवीगार होती.